लाल दोऱ्याची कढई

त्या बुधवारी सकाळी लोर्नाचा फोन आला तेव्हा मी पत्र्याचा बिस्किटांचा डबा पुसत होते. डबा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, फिलोमिनाचा. दोन महिने तो आमच्या वडगावच्या घरी पडून होता. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि त्यात काय घालून द्यायचं हे काही माझं ठरत नव्हतं. चिवडा करीन म्हटलं, मग करंज्या करीन म्हटलं, मग गुडघा दुखतोय म्हणून उद्यावर टाकलं... तशात तिचं आजारपण वाढलं. "सरूमावशी, आई गेली," लोर्ना म्हणाली. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि डबा पुन्हा एकदा पुसला. तो आधीच कोरडा होता.

रडू आलं नाही. साठी उलटल्यावर कुणी गेल्याची बातमी आली की मला आधी थकवाच येतो. साडी बदलायची, रिक्षा बघायची, कुणाकुणाला कळवायचं, या सगळ्याचा. कॅम्पातल्या तिच्या घरी पोचले तर अंगणात आमच्या शाळेतल्या निवृत्त झालेल्या चौघी आधीच येऊन बसलेल्या. दफनाच्या वेळी मीही मूठभर माती टाकली. परतताना त्या चौघींपैकी एकीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमची मैत्री म्हणजे काय सांगायचं. एवढं होऊनसुद्धा तू तिला सोडलं न्हाईस." मी मान हलवली. खरं तर मी तिथेच थांबून सांगायला हवं होतं की 'एवढं' जे झालं ते तिच्या हातून झालेलं नाही, माझ्या हातून झालेलं आहे. नाही सांगितलं. आठ वर्षं सांगितलं नव्हतं, तसंच त्याही दिवशी नाही सांगितलं. त्या चौघी दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून इथे लिहिते आहे.

फिलोमिना आमच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि मी गणित. बावीस वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. ती कॅम्पातली ख्रिश्चन, घरात कोंकणी, शाळेत मराठी, भाजीवाल्याशी कानडी आणि राग आला की इंग्रजी. मी वडगावच्या विणकरांच्या घरातली सून, माहेर निपाणीचं. ती शाळेत रुजू झाली त्याच आठवड्यात तिच्या पर्सचा पट्टा तुटला होता. माझ्या पिशवीत सुताचे तुकडे कायम असतात, घरात माग असला की सूत काही पाठ सोडत नाही. मी तो पट्टा लाल सुतानं बांधून दिला. बांधताना मी जी गाठ मारली तिच्याकडे ती बघतच राहिली. मागावर सुताची तार तुटली की विणकर जी गाठ मारतो तीच ही गाठ. एवढीशी असते, फणीतून अडकल्याशिवाय पार होते, आणि ओढाल तेवढी घट्ट होत जाते. आमच्याकडे पोरांना अक्षरं यायच्या आधी ही गाठ येते. फिलूनं ती शिकायचा पुष्कळ खटाटोप केला. मधल्या सुट्टीत सूत घेऊन बसायची, जीभ बाहेर काढून प्रयत्न करायची, आणि दर वेळी सूत हातात सुटं. शेवटी म्हणाली, "राहू दे बाई. मला आपली बुटाच्या लेसचीच गाठ बरी." आणि तिनं जन्मभर सगळं काही त्याच फुलाच्या गाठीनं बांधलं. परीक्षेचे गठ्ठे, पडदे, लोर्नाच्या वेण्या.

तिचा नवरा जोकिम जहाजावर स्वयंपाकी होता. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. एकदा तो सुट्टीवर आला तो मेक्सिकोकडचा एक पदार्थ शिकून आला. टाको त्याचं नाव. मक्याच्या पिठाची पातळ, तळहाताहून जराशी मोठी भाकरी, ती तळताना मधोमध दुमडायची, कडक झाली की तिच्या पोटात खिमा भरायचा, वर बारीक चिरलेला कोबी, कांदा, टोमॅटो, लिंबू पिळायचं आणि कुर्रकन चावायचं. त्या लोकांकडे म्हणे हा जेवणाचा सोपा प्रकार, कामावरून दमून आलेल्या माणसानं झटपट करून खायचा. फिलूला तेवढंच ऐकू आलं. "दमलेल्या माणसाचं जेवण हाय बघ सरोज, म्हणजे आपलंच," ती म्हणाली.

आपलंच म्हणजे काय, तर दहावीच्या मुलांचा जादा तास बुधवारी आम्हा दोघींकडे असायचा. सात वाजता शाळेतून सुटायचो तेव्हा अंगात त्राण उरलेलं नसायचं. तिचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर, माझं घर दोन बस बदलून. "जेवून जा गं, घरी जाऊन काय चूल पेटवणार हायस?" असं ती म्हणायची आणि मी जायची. रविवारी ती मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात मळून, मूठभर गव्हाचं पीठ त्यात घालून तीस-चाळीस भाकऱ्या तळून ठेवायची. पहिल्या पहिल्यांदा त्या दुमडताना फुटायच्या, नाहीतर निवताना तोंड मिटून बसायच्या. मग मी घरातला मागाचा एक जुना गोल दांडा तिला नेऊन दिला. तळलेली भाकरी तेलातून काढली की गरम असताना दांड्यावर टाकायची, वाळत घातलेल्या रुमालासारखी लोंबत राहते आणि तोंड उघडं ठेवूनच कडक होते. त्या मग बिस्किटांच्या डब्यात. बुधवारी फक्त खिमा शिजवायचा. घरात पाऊल टाकल्यापासून पंचवीस मिनिटांत ताट समोर. मी त्याला टाको कधी म्हटलं नाही, घडीची भाकरी म्हणायची. ती चिडायची. जोकिमला पत्र लिहून कळवीन म्हणायची.

आता खिम्याचं. जोकिमच्या पाककृतीत खिमा गाईबैलाचा, आणि तिच्या घरी आणायचे ते म्हशीचा. आमच्याकडे 'मोठ्याचं' म्हणतात आणि तेवढं बोलून विषय संपवतात. आमच्या घरात रविवारी-बुधवारी बकऱ्याचं मटण चालतं, मोठ्याचं नाव निघत नाही. हे मी तिला सांगायची वेळच आली नाही. पहिल्याच बुधवारी गेले तर गॅसवर दोन कढया. अगदी जुळ्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या. एकीच्या कानाला लाल सूत बांधलेलं, फुलाची गाठ मारून. माझ्याच पिशवीतलं सूत होतं ते. "लाल दोऱ्याची ती तुझी," ती म्हणाली. "बकऱ्याचं हाय. पळीपण वेगळी ठेवलीया. आणि मसाला तू दिलेला, निपाणीचा." माझ्या आईची कांदा-लसणाची चटणी मी तिला दर वर्षी नेऊन देत असे, ती तिनं माझ्या कढईसाठी राखून ठेवली होती. आपल्या कढईत ती मिरी-व्हिनेगर घालायची. मी म्हटलं, "अगं, कशाला एवढा व्याप? नुसता बटाटा चालला असता मला." तर म्हणाली, "बटाटा तू तुझ्या घरी खा. माझ्या घरी आलीस तर माझ्याबरोबरीनं जेवायचं." दोरा तेलकट व्हायचा, जाळानं काळा पडायचा, मग ती नवा बांधायची. चौदा वर्षं हे चाललं. चौदा वर्षांत त्या दोन कढयांची एकदाही अदलाबदल झाली नाही, आणि या गोष्टीला मी हळूहळू गृहीत धरायला लागले.

आठ वर्षांपूर्वीचा तो बुधवार. आम्हा शिक्षकांना कसलंतरी सर्वेक्षण लावलं होतं. सकाळपासून घरोघर फिरून कानडीतले फॉर्म भरायचे, वरून संध्याकाळी जादा तास. मी येळ्ळूरच्या बाजूला, ती शहापुरात. सातनंतर तिच्या घरी पोचलो तेव्हा दोघींचे पाय सुजलेले. दोन्ही कढया गॅसवर होत्या, खिमा शिजत आला होता. एवढ्यात आतून तिच्या सासूबाईंनी हाक मारली. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. "जरा बघ गं इकडं," म्हणून फिलू आत गेली. मी गॅस बारीक करायला वाकले तर लाल दोरा ओट्यावर पडलेला, अर्धा जळून. मी म्हटलं, बरं झालं मी पाहिलं. पिशवीतून नवा तुकडा काढला आणि डावीकडच्या कढईच्या कानाला बांधला. माझी कढई नेहमी डावीकडेच असायची. गाठ मारली आणि टोकं तोडून टाकली. त्याला किती वेळ लागला असेल? विणकराच्या घरात ती गाठ मारायला बघावंही लागत नाही.

त्या दिवशी डावीकडचा बर्नर नीट पेटत नव्हता म्हणून तिनं बारीक आचेवरची आपली कढई डावीकडे ठेवली होती आणि माझी उजवीकडे. मी विचारायला हवं होतं. वास घेतला असता तरी कळलं असतं, पण दिवसभर उन्हात फिरून सर्दीनं माझं नाक बंद होतं. फिलू बाहेर आली, चौदा वर्षांच्या सवयीनं नुसता दोरा बघितला, आणि दोऱ्याच्या कढईतून माझ्या तीन घड्या भरल्या. लोर्ना शिकवणीला गेली होती. आम्ही दोघीच टेबलाशी. मी एक घडी संपवली होती आणि दुसरीचा घास घेतला होता. फिलूनं आपला पहिला घास चावला आणि थांबली. तिचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. "सरोज, थांब," ती म्हणाली. "खाऊ नको. तुझ्या आईची चटणी माझ्या तोंडात आलीया."

ती गप्प बसली असती तर? मला कधीच कळलं नसतं. तिखट-मीठ, लिंबू, कोबी, बंद नाक... मी तिन्ही खाऊन, हात धुऊन, साडेआठची बस पकडून घरी गेले असते. ही एक गोष्ट मी गेल्या आठ वर्षांत कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. गप्प बसणं सोपं होतं आणि ती गप्प बसली नाही. मी उठून मोरीत गेले, चुळा भरल्या, तोंडात बोट घालून ओकारी काढली. बाहेर आले तेव्हा ती गॅसपाशी उभी होती. डाव्या कढईच्या कानाचा दोरा ती दोन बोटांत धरून चाचपत होती. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं चुकलं गं. सकाळी घाईत मीच उलट्या कढईला बांधला दोरा."

तिथे मी बोलायला हवं होतं. "फिलू, दोरा मी बांधला, आत्ता, पाच मिनिटांपूर्वी," एवढंच वाक्य. पण मला इतकी शिसारी आली होती, इतका राग आला होता, आणि तो राग ठेवायला तिनं स्वतःहून जागा करून दिली होती... मी ती जागा घेतली. तिला सकाळचाच दोरा वाटतोय, असं मी धरून चालले. "एवढी वर्षं विश्वास ठेवला तुझ्यावर," असं काहीतरी म्हणाले. पिशवी उचलली आणि निघाले. ती दारापर्यंत आली. रिक्षा बघू का, एवढंच तिनं विचारलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. दोन वेळा डोक्यावरून अंघोळ केली आणि मला पित्त झालंय म्हणून ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी बाक बदलला. साहजिकच चौघींनी विचारलं, काय झालं? मी खरं तर फार काही बोलले नाही. एकच वाक्य बोलले. "तिच्या घरात भांड्यांकडं लक्ष नसतं." बास. बाकीचं त्यांनी जोडून घेतलं. आमच्या स्टाफरूममध्ये कुठलंही वाक्य फार दिवस एकटं राहत नाही.

त्या वर्षीच्या नाताळात काय झालं तेही सांगते, कारण त्या चौघी तिथे होत्या. दर नाताळानंतर शाळा उघडली की फिलू मोठा डबा घेऊन यायची. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, सगळं नाताळचं गोडधोड. पहिल्या तासाच्या घंटेआधी डबा रिकामा व्हायचा, शिपाईमामांसाठी तिला आधीच बाजूला काढून ठेवावं लागायचं. त्या वर्षी तिनं डबा मधल्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि वह्या तपासायला बसली. एकीला उपास होता. एकीचं गोड बंद होतं. एकीनं "नंतर घेते" म्हटलं. चौथी बाहेर निघून गेली. मी माझ्या जागेवर बसून वर्गाची हजेरी पाहत होते, तीच पानं पुन्हा पुन्हा. चार पावलांवर डबा होता. उठून एक कुलकुल तोंडात टाकलं असतं तर सगळ्या उठल्या असत्या. मी उठले नाही. साडेचारला तिनं झाकण लावलं आणि भरलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी नेला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिनं कधी काही आणलं नाही. मला या गोष्टीची आजही लाज वाटते. आणि नुसती लाज वाटून घेण्याचाही आता कंटाळा आला आहे.

पाच महिने आम्ही बोललो नाही. मग एका बुधवारी संध्याकाळी आमच्या वडगावच्या दारात फिलू उभी. घरात यंत्रमाग चालू, खडखडाटात काही ऐकू येईना. ह्यांनी माग बंद केला. तिनं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून माझ्या हातात दिला. उघडून बघितलं तर घडीच्या भाकऱ्या. नुसत्या. कोऱ्या, रिकाम्या, एकात एक बसवलेल्या. "आत काय घालायचं ते तुझं तू घाल," ती म्हणाली. "मी फक्त पीठ आणि तेल वापरलंय. तेलपण नवीन हाय." मला तिथेच रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, "ये ना, चहा टाकते." आणि आम्ही चहा प्यालो, दहावीच्या पोर्शनवर बोललो, मुख्याध्यापकांना नावं ठेवली. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी स्वतःला सांगितलं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बुधवारी डबा यायचा. ती स्वतः आणायची, पुढे पुढे लोर्ना स्कूटरवरून टाकून जायची. मी त्यात मटकीची उसळ भरायची, कधी खिमा, कधी नुसता कांदा-टोमॅटो. आमच्या ह्यांना ते फार आवडायचं. "तुझ्या मैत्रिणीच्या हातात कसब हाय. एकसारख्या दुमडल्यात बघ सगळ्या," असं म्हणायचे. रिकाम्या डब्यातून मी काहीबाही घालून पाठवायची. पण तिच्या घरी जेवायला मी परत गेले नाही. तिनं बोलावलं की माझा गुडघा दुखायचा, पाहुणे यायचे, बस चुकायची. जोकिम वारला तेव्हा गेले, तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा गेले. चहा घेतला. जेवले नाही.

आजारपणात तिला दोनदा भेटले. दुसऱ्यांदा भेटले ती शेवटची. पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात काड्यांसारखे झालेले. शाळेच्या गप्पा झाल्या, कोण कुठे आहे, पट किती घसरलाय, शाळा बंद पडणार का. मध्येच म्हणाली, "सरोज, जेवायला कधी येणार हायस?" मी म्हटलं, "आधी बरी हो. मग येते की." ती हसली. "लई दमलीयास तू," म्हणाली. आजारी ती आणि दमलेली मी... मला वाटलं बोलावं आता. लोर्ना औषध घेऊन आत आली. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लोर्नानं बोलावलं तेव्हा मी डबा भरून नेला. करंज्या केल्या होत्या, शेवटी. मिस्सा झाल्यावर घरी गेलो. लोकांचं चहापान झालं, एकेकजण निघाला. लोर्ना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. स्टुलावर चढून तिनं कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "आईनं सांगून ठेवलंय, हे सरूमावशीला द्यायचं." मी कागद सोडला. कढई. कानाला लाल दोरा, तेलानं काळपटलेला. आणि गाठ एवढीशी, टोकं तोडलेली.

"ही कढई आई कुणाला वापरू द्यायची नाही," लोर्ना म्हणाली. "किती वर्षं झाली, वरच ठेवलेली. मी एकदा म्हटलं, दोरा तरी कापून टाकू काय? तर म्हणाली, राहू दे. सरोजनं बांधलाय. ती सोडेल."

मी स्टुलावर बसले. फुलाच्या गाठीशिवाय दुसरी गाठ न येणाऱ्या बाईनं त्या दिवशी दोन बोटांत दोरा धरून चाचपला होता. सकाळी मी बांधला, असं म्हणाली होती, आणि बोटांखाली माझी गाठ होती. जी शिकायला तिनं मधल्या सुट्ट्या घालवल्या होत्या, ती ओळखू येणार नाही तिला? मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवते आहे. ती मात्र पहिल्या मिनिटापासून मला झाकून उभी होती. स्टाफरूममधला तो डबा तिनं हे सगळं ठाऊक असून घरी नेला होता. आणि पाच महिन्यांनी त्या रिकाम्या भाकऱ्या घेऊन तीच आली होती, मी नाही.

घरी आले तेव्हा हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आता माग बंद आहेत, विकायला काढलेत. कढई बघून म्हणाले, "ही कुणाची आणलीस?" मी म्हटलं, फिलूची. त्यांनी ती हातात घेतली, सवयीनं अंगठा दोऱ्यावर फिरवला आणि म्हणाले, "फिलूची कशी? ही गाठ तर तुझी हाय."

"व्हय," मी म्हटलं. "माझीच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्यानंच. सर्वेक्षण, दोन कढया, बर्नर, मी काय खाल्लं, मी काय बोलले, नाताळचा डबा. मला वाटत होतं ते 'मोठ्याचं' या शब्दापाशी अडतील. घरात काय काय होईल याच्याच धास्तीनं मी इतकी वर्षं काढली होती. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोटात काय गेलं ते गेलं, आठ वर्षं झाली त्याला. पण चूक तुझी, आणि तू त्या बाईचं नाव पुढं केलंस?" त्यांनी कढई माझ्याकडे दिली. "घासून घे आणि वापर," म्हणाले. "माळ्यावर टाकू नको आता."

दोरा सोडायचा मी खूप प्रयत्न केला. ती गाठ सुटायला मारलेली नसतेच, कापावी लागते. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. तिनं सोडायला सांगितलं होतं आणि मला तेवढंही जमलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. माझ्या चार मैत्रिणींनो, फिलोमिनाच्या घरात भांड्यांकडे लक्ष होतं. चौदा वर्षं होतं. चुकीच्या कढईला दोरा मी बांधला, आणि वाचवलं मला तिनं, दोन वेळा.

काल बुधवार होता. मी मक्याचं पीठ मळून पहिल्यांदाच स्वतः घडीच्या भाकऱ्या केल्या. दहातल्या सहा फुटल्या. खिमा त्याच कढईत केला, आईच्या चटणीचा, डावीकडच्या बर्नरवर. ह्यांनी तीन खाल्ल्या, मी एक. कढई चढवताना दोऱ्याचा कान जाळाकडून फिरवून आपल्या बाजूला ठेवला, तो जळू नये म्हणून.